लघवीतलं झिंक

सर, दवाखान्याच्या दारातल्या तुमच्या फोटोला अजून रोज हार घालतात. मी मान वळवून आत जाते. आता इथली मेट्रन मीच आहे. कुणाला शिरेतून पोषण सुरू झालं की पिशवीत झिंक मिसळलंय का, ते मी स्वतः बघते. नवे डॉक्टर हसतात, पण निदान का ते विचारतात तरी. तुम्हाला विचारायची सवयच नव्हती.

खांडबाऱ्याकडची ती बाई आठवते? तुम्हाला कशाला आठवेल म्हणा. तिचं आतडं तुम्ही कापलं होतं, तोंडाने घोटभर पाणीही बंद, तीन आठवडे सगळं अन्न शिरेतून. ओठांभोवती लाल चट्टे उठले होते, उशीवर केसांचे पुंजके पडत होते, जखम भरायचं नाव घेत नव्हती. झिंक कमी पडतंय का, असं मी राउंडला विचारलं तर तुम्ही सगळ्यांदेखत हसलात आणि मलम लिहून दिलंत. मी पुन्हा विचारलं, तेव्हा माझं तोंड बंद करायला चोवीस तासांची लघवी सुरतेला तपासायला पाठवलीत. रिपोर्टात झिंक भरमसाट निघालं. तुम्ही तो कागद माझ्या नाकासमोर धरलात. शुद्ध मराठी तुम्ही पेशंटसाठी राखून ठेवायचा, आमच्यासाठी अहिराणी.

"लघवीमा इतलं झिंक जाई ऱ्हायनं, म्हणजे आंगमा भरपूर शे. तू डोकं नको लावू."

काय ते शहाणपण! पुढे मी वाचलं तेव्हा कळलं. शिरेतून सोडलेली अमिनो आम्लं झिंकला धरतात आणि मूत्रपिंडांतून बाहेर घेऊन जातात. बाई रिती होत होती, आणि गळका माठ बघून तुम्ही तो काठोकाठ भरलाय म्हणत होता. जखमेत पू झाला, चौथ्या आठवड्यात ती गेली. तिच्या अंगात ताकदच नव्हती, असं तुम्ही तिच्या नवऱ्याला सांगितलंत, आणि त्याने तुमच्या पायाला हात लावला. मला तुमची तेव्हाही किळस आली होती, आजही येते.

तरी तुम्ही हयात असता तर हे पत्र मी पाठवलं नसतं. पाठवायचं तर बादलीचंही लिहावं लागलं असतं. लघवीसाठी आलेला प्लास्टिकचा कॅन नवाकोरा होता. एवढ्या चांगल्या भांड्यात कुणी मूत धरतं का, असं म्हणून तिच्या सासूने तो प्यायच्या पाण्याला घेतला आणि लघवी वॉर्डातल्या जस्ती बादलीत साठवली. सकाळी मीच कॅन धुऊन ती त्यात ओतली. जस्ती बादलीला झिंकचाच मुलामा असतो आणि तो लघवीत उतरतो, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही रिपोर्ट नाचवत होता तेव्हा हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तुम्ही पुन्हा हसाल म्हणून मी गप्प बसले.