सोळा तुकड्यांची सरासरी

१२ फरवर्दी १३५४ फसली (फेब्रु. ४५)
चुडाव्याला गाडीतून उतरलो, पुढे बैलगाडी. गाव क्र. २०, हे शेवटचं. मागची एकोणीस खरी निघाली. म्हणजे सरकारी लेव्हीच्या धान्यासाठी त्यांनी सांगितलेली जवारीची सरासरी माझ्या काट्याने मोडली नाही. या गावाचं म्हणणं, माझ्या दोरीने आखतो तेवढ्या तुकड्यात सरासरी सहा शेर. उतरलोय म्हाताऱ्या मादप्पांच्या ओसरीत. "शरणार्थ, मास्तर." मी मास्तर नाही, पण इथं कागद बाळगणारा प्रत्येकजण मास्तर. आंबाडीची भाजी झकास.

१३ फ.
चिठ्ठ्या टाकून सोळा तुकडे काढले. हैदराबादेत साहेबांनी शिकवलेलं मनात घोळवलं. आधी गाव खरं धरायचं. सहा खरे असताना केवळ नशिबाने सोळांची सरासरी कुठवर चढेल, ती हद्द काढायची. त्यापुढे गेली तर गाव खोटं, पीक दडवतंय. आणि मग साहेब चहा ढवळत म्हणाले होते, "वीस खऱ्या गावांत एखादं आपल्या हातून खोटं ठरायचंच. कोणतं, ते कळायचं नाही." तेव्हा आम्ही हसलो होतो.
विसावं म्हणून या गावाचं वेगळं काही नाही, धोका सगळ्यांना सारखाच. हे मला नीट कळतं. तरी…

१५ फ.
पीक विरळ. नजरेने म्हणाल तर पाच शेरसुद्धा जास्त. मादप्पांच्या तुकड्याची कणसं काल माझ्यासमोर झोडपली आणि लगेच, उन्हं असतानाच, सहज म्हणून दाणे तोलले. पावणेसात. आज सकाळी पंचांसमोर तेच पोतं पुन्हा काट्यावर. (नोंद सकाळच्या वजनाची, तसा नियम.) सात. दव म्हणावं तर पोतं छपराखाली होतं. काटा तपासला, वजनं तपासली. ठीक.
मापताना इथं कुणी बोलत नाही. बायका लांब उभ्या राहून बघतात.

१६ फ.
कालच्या पोत्याच्या तोंडाला माझी गाठ, वर लाख. शिवाय संध्याकाळीच तोलून ठेवलं. सकाळी गाठ तशीच, लाख तशीच. पावशेर वाढलेलं.
खरं लिहायचं तर भीती वाटली. धान्य कमी होतं, उंदीर खातात, माणसं खातात. आपोआप वाढलेलं मी पाहिलेलं नाही.

१९ फ.
सोळा झाले. सरासरी सात, हद्द साडेसहा. तीनदा मांडून पाहिलं, आकडा हलत नाही. 'गाव खोटं' असं लिहून टपाल चुडाव्याला पाठवलं. पुढे काय होतं ते ठाऊक आहे. जमिनीखालची पेवं उघडतील आणि असेल ते उचलतील, बियाण्यासकट.
जेवलो मादप्पांकडेच.

२० फ.
मादप्पांची सून गिरजा भाकरी वाढता वाढता बोलून गेली.
"मापलेली रास तशीच ठिवत न्हाईत मास्तर, बरकत जाती. तुमी गाठ मारलेली, मग शिवण उसवून वंजळ घातली. समद्या घरांनी घातली."
"मला सांगितलं का नाही?"
"सांगून घालत न्हाईत."
तिची ओंजळ काट्यावर घेतली. पावशेर. साताचे पावणेसात, तरी हद्दीच्या वरच. मग विचारलं, एकच घातली ना? "म्या एकच. मागून सासऱ्यांनी घातली आसंल, दिरानं घातली आसंल. इचारत न्हाईत."
संध्याकाळी मी तोललेली पोती दोनच, म्हणजे बाकी कुठल्या पोत्यात किती वाढली, कुणालाच माहीत नाही. बरं, मादप्पांचं पोतं झोडपल्या झोडपल्याच पावणेसात होतं. तेव्हा तर कुणी हातसुद्धा लावला नव्हता. हे कुठे बसवू?
पुन्हा तुकडे काढावेत तर शिवारात उभं ताट उरलेलं नाही. दुसरं पत्र लिहिलं. निकाल थांबवा म्हणून.

२४ फ.
वसुलीचे अमीनसाहेब आले, चार शिपाई. माझं दुसरं पत्र त्यांच्या खिशात. "ये वंजळ कुठल्या खान्यात लिहू?" मादप्पांचं पेव पहिलं. तोंड उघडून, कोंडलेली हवा जावी म्हणून दुपारपर्यंत वारं खेळू दिलं, मग दोर धरून म्हातारा स्वतः उतरला. खालून आवाज आला, "बियाचीच हायत. दोन पोती." खाली चाचपडल्याचा आवाज. मग, "दुसरं काई न्हाई."
बाकीच्या पेवांतही बियाणंच.
अमीनसाहेब माझ्याकडे वळले. "मग बाकीची जवारी दुसरीकडं हाय. तुमचा हिसाब झूट बोलतो का?"
विसात एकदा बोलतो, असं म्हणायला हवं होतं. मी वही मिटून काखेत धरली. बियाणं गाडीत चढलं. माझी मला लाज वाटते.

२६ फ.
आज निघायचं. सकाळी कुदळींच्या आवाजाने जाग आली. वाटलं, शिपाई परत आले. बाहेर आलो तर गिरजा चुलीमागची जमीन उकरत होती. शेजारच्या घरात तेच, त्याच्या पलीकडे तेच. अमीनसाहेब परवाच परत गेलेत. खणायला कुणी सांगितलेलं नाही.
मादप्पा हातपाय धुऊन समोर येऊन बसले. रागावलेले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
"मास्तर, कागूद खोटं बोलत न्हाई म्हन्तेत. आमच्याच कुण्या आज्या-पणज्यानं पुरली आसंल, आमाला ठावं नसंल. मिरगाला पेरायला दाणा न्हाई. तुमच्या हिशेबानं कुठं हाय तेवढं सांगा. आमी खणायलोत."
गाडी दुपारची. वही उघडून बसलोय. ते अजून समोरच बसलेत.