बरी आहे, सिस्टर

४ मार्च

लाडके ठमे,

अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून पहिलं पत्र कोणी लिहायचं यावर आपण दोघी अडून बसलो होतो, असं दिसतं. मोठी मी आहे, तेव्हा मीच लिहिते. फोन का नाही केला, असं म्हणशील. फोन हातात आला की माझा आवाज आपोआप गोड होतो, तुला माहीतच आहे. कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर जन्म गेला, आता त्याला कोण काय करणार? कागदावर तो जरा ताब्यात राहतो.

इकडे सगळं ठीक. मी बरी आहे. खोलीत सकाळचं ऊन छान येतं. तू लावून गेलेला हिरवा पडदा अजून तसाच आहे. त्याची खालची दुमड उसवली आहे, ती खालच्या शिंप्याने रस्त्यावरून पाहिली आणि निरोप पाठवला, "बाई, पडदा काढून द्या, टीप मारून देतो." पण काढायचा म्हणजे स्टुलावर चढायचं. राहू दे. उसवलेल्या पडद्यातूनही ऊन येतंच.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलात जाऊन आले. डॉक्टर तरुण आहे, माणूस चांगला. त्याने माझा एक्स-रे उजेडासमोर धरला. कंपनीची बस उलटली तेव्हा खुब्यात बसवलेली ती स्टीलची पट्टी आठवते ना तुला? तिचा एक स्क्रू सैल होऊन बाहेर आला आहे. "मावशी, यावर तुम्ही चालता कशा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "हळूहळू." तो हसला नाही. सांधा बदलायला हवा म्हणाला, आणि लवकर बदलायला हवा, कारण हाड असंच झिजत राहिलं तर नवा सांधा बसवायला जागाच उरणार नाही. नंबर लावला आहे. रांग लांब आहे. तिथली एक बाई मधूनमधून सगळ्यांना फोन करते, कसं काय आहे विचारते आणि ज्याचं जास्त अडलं आहे त्याला वर घेते. पद्धत रास्त आहे.

हल्ली आपल्या कॉन्व्हेंट शाळेची फार आठवण येते. प्रार्थनेनंतर आपण ओळीत उभ्या असायचो आणि मोठ्या सिस्टर पुढून जाताना एकेकीला विचारायच्या, "कशी आहेस, बाळ?" आणि प्रत्येकीने गुडघे किंचित वाकवून म्हणायचं, "बरी आहे, थँक यू, सिस्टर." मग ताप असो, नाहीतर बुटात खिळा टोचत असो. तुझा पहिलाच आठवडा होता. तू म्हणालीस, "पोटात दुखतंय, सिस्टर, आणि ही मागची मुलगी मला चिमटे काढते." अख्खी ओळ थिजली. तुला कोपऱ्यात उभं केलं, आणि तिथेही तू पाय आपटत राहिलीस. तिथूनच तू ठमाबाई झालीस. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. थोडा हेवाही वाटला होता, पण तो मी कोणाला सांगितला नाही.

उन्हाळा सुरू होईल आता. प्रकृतीची काळजी घे.

तुझी,
ताई


१९ मार्च

लाडके ठमे,

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं की तार, ते ठरेना. "ताई, बरी आहे पुरे. खरं सांग." एवढंच, आणि खाली सहीसुद्धा नाही. बाकी तुझी मुलं कशी आहेत, तुझी पाठ कशी आहे, हे मी कुठून समजून घ्यायचं?

बरं, खरं सांगते. तू हसशील, आणि हसलीस तर मला चालेल.

मागच्या पत्रानंतर थोड्याच दिवसांत हॉस्पिटलातून फोन आला. मी त्या वेळी पलंगाच्या कडेला बसले होते. बसले होते म्हणजे सकाळपासून तिथेच होते, कारण पाय खाली टेकवला की मांडीतून डोक्यापर्यंत कोणी सळई ओढत नेल्यासारखं होत होतं. फोन घेतला. पलीकडून आवाज आला, "नमस्कार मावशी, यादीसाठी फोन केलाय. कशा आहात?"

आणि ठमे, मी म्हणाले, "बरी आहे, थँक यू. तुम्ही कशा आहात?"

ती बिचारी खूश झाली. दिवसभर लोक तिच्यावर ओरडत असणार. "चालताबिलता येतं ना?" म्हणाली. म्हटलं, "हो, येतं की, हळूहळू." "रात्री झोप लागते?" "लागते." "वा, मग तुमचं छान चाललंय. तुमच्यापेक्षा फार अडलेले लोक आहेत हो, त्यांना आधी घेते. चालेल ना?" आणि मी, माझ्या सगळ्यात गोड आवाजात, "हो हो, अगदी. त्यांना आधी घ्या."

फोन ठेवला आणि मग मला कळलं की मी काय केलं. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले होते, आणि तीही स्वतःच्या पायांनी, ज्यांनी मला न्हाणीघरापर्यंत जाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मीच हॉस्पिटलला फोन लावला. चूक झाली, असं सांगायचं होतं. बोर्डावरच्या मुलीने उचलला. तिचा आवाज इतका दमलेला होता की मी तिला म्हटलं, "बाळ, पाणी प्यायलीस का? घसा सुकलाय तुझा." तीस जणांना जोडून देताना कोणी असं विचारलं की काय वाटतं, ते मला माहीत आहे. ती रडवेली झाली. आम्ही दोघी थोडा वेळ बोललो, हेडफोनमुळे कान कसा दुखतो वगैरे. मग तिला दुसरी लाइन आली आणि मी फोन ठेवला. माझं काम तसंच राहिलं.

हे सगळं मी शिंप्याला सांगितलं. तो भाजी आणून द्यायला वर आला होता. तो दारातल्या स्टुलावर बसला, टेप गळ्यातच, आणि म्हणाला, "बाई, तालीम करू. मी हॉस्पिटलवाली. हॅलो, मावशी, कशा आहात?"

"बरी..." मी म्हटलं.

"चूक. परत. कशा आहात?"

"तशी बरीच आहे म्हणायची."

"अहो, तुम्हाला कोणी लग्नाला बोलवत नाहीये," तो म्हणाला. "दुखतंय म्हणा. माझं गिऱ्हाईक बघा, बाही जरा घट्ट झाली तर चाळ गोळा करतं."

"दुखतंय," मी म्हटलं.

"अशा आवाजात नाही. हे तर तुम्ही मला चहा विचारल्यासारखं म्हणताय."

शेवटी तोही कंटाळला आणि मशीनवर गेला. मी हसले खूप. नंतर आरशासमोर बसून एकटीने म्हणून पाहिलं. नाही जमत. शब्द तोंडापर्यंत येतो आणि तिथून गुडघे वाकवून बाहेर पडतो.

पुढचा फोन एप्रिलच्या शेवटी येईल, असं ती बाई म्हणाली आहे.

तू आली होतीस तेव्हाचं काही लिहिलं नाहीस. मीही नाही लिहीत.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ठमे,

हे पत्र मी पलंगावर पडून लिहिते आहे, अक्षर वाईट आहे. सिस्टरांनी पाहिलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

परवा दुपारी मी स्वयंपाकघरात पडले. कशाला अडखळले नाही, घसरले नाही. पाय नुसता नाही म्हणाला. ओटा हातातून सुटला आणि मी फरशीवर. त्या पायावरच.

किती वेळ गेला, ते मला सांगता येणार नाही. खाली शिंप्याचं मशीन थांबलं. मग जिन्यावर त्याची पावलं, आणि दारावर थाप. "बाई? काय पडलं?" दाराला आतून कडी होती. मी नेहमीच लावते. तो बाहेर उभा होता, हाताच्या अंतरावर म्हण ना, आणि मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. मी म्हणाले, "काही नाही हो, डबा पडला. बरी आहे मी."

"नक्की?"

"नक्की. थँक यू."

तो गेला. मशीन पुन्हा सुरू झालं. मी फरशीवर पडून ते ऐकत राहिले. मी ओली झाले होते, ठमे. हे लिहायला मला दोन कागद फाडावे लागले. आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. हिवाळ्यापासून होतंय. मी वेळेवर पोचू शकत नाही. म्हणून मी पाणी कमी पिते, म्हणून ओठ असे सुकलेले असतात, आणि तू आली होतीस तेव्हा म्हणालीस ना, "ताई, तू इतकी वाळलीस कशी?" ते यामुळे.

आता त्या दिवसाचं लिहिते. तू माझी पाठ चोळून द्यायला म्हणून न्हाणीघराच्या दाराशी आलीस, आणि मी आतून कडी लावली. तू म्हणालीस, "ताई, मी आहे. उघड." मी आतून म्हटलं, "माझं मी करते गं, तू बस." तू दार ठोकत राहिलीस, लहानपणी पाय आपटायचीस तशी. तुला वाटलं मला तू नको आहेस. मला तू हवी होतीस. मी खाली बसले होते आणि मला उठता येत नव्हतं, आणि तू ते पाहू नयेस एवढंच मला वाटत होतं. मी बाहेर आले तेव्हा तुझी बॅग भरलेली होती. "कडी काढशील तेव्हा कळव," म्हणालीस. चहासुद्धा न घेता गेलीस. मी खिडकीतून हात हलवला. वर बघितलं नाहीस.

परवा उठले ती त्या हिरव्या पडद्याला धरून. कशीबशी फरशीवरून सरकत खिडकीपर्यंत गेले आणि पडदा ओढला. तो दांडीसकट खाली आला, पण तोवर मी खिडकीच्या कठड्याला धरलं होतं. आता खोलीत इतकं ऊन येतं की डोळे दिपतात. रस्त्यावरून सगळं दिसत असणार. दिसू दे.

तेव्हापासून पाय टेकवताच येत नाही. डॉक्टर लवकर म्हणाला होता, ते लवकर आता संपत आलं असावं. मला भीती वाटते. रात्री वाटते तशी नाही, भर दुपारी, मशीनचा आवाज चालू असताना वाटते. मी अशीच गोड आवाजात एक दिवस संपून जाईन, आणि लोक म्हणतील, कालपर्यंत तर बऱ्या होत्या.

एक मागायचं आहे. मी तुझ्याकडे कधी काही मागितल्याचं आठवत नाही, म्हणून कसं मागायचं तेही माहीत नाही. महिन्याच्या शेवटी तो फोन येईल. तेव्हा तू इथे हवीस. फोन तू उचल. आपला आवाज सारखा आहे, आईलासुद्धा फोनवर ओळखता यायचं नाही. पण माझं सोंग घेऊ नकोस. बहीण बोलतेय म्हणून सांग, आणि तुला जे दिसेल ते सगळं सांग. शाळेत सांगितलं होतंस तसं, अख्खी ओळ थिजेल असं. मी कोपऱ्यात बसून ऐकेन.

पण सांगायचं तर आधी तुला बघावं लागेल. माझा पाय, माझी चादर, न्हाणीघर, सगळं. मी ते दाखवेन. त्याची आतापासूनच लाज वाटते आहे, पण दाखवेन.

आज मी सरकत जाऊन बाहेरच्या दाराची कडी काढली आणि शिंप्याला बोलावून खरं सांगितलं. तो खाली जाऊन हातोडी आणि पक्कड घेऊन आला. मी सांगितलं तसं त्याने न्हाणीघराच्या दाराची आतली कडी उपटून काढली. स्क्रू फार गंजले होते, त्याला बराच जोर लावावा लागला. बाहेरच्या दाराची कडी आहे, पण ती मी लावत नाही आता. नुसतं ढकललंस की उघडेल.

मी बरी नाही, ठमे.

ये.

तुझी वाट पाहणारी,
ताई