काचेतला माणूस कशावर बसलाय

अण्णा, तुम्हाला लिहून काही सांगायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा सगळं तोंडानंच सांगितलं, आणि तुम्ही गेल्यावरही माझं तोंड काही बंद पडलं नाही. कणीक मळताना सांगते, तुळशीला पाणी घालताना सांगते, गॅसवर दूध ठेवून सांगत बसते आणि दूध उतू जातं. सून आधी विचारायची, "आत्याबाई, कुणाशी बोलता?" मी म्हणायची, "माझ्या बापाशी." आता विचारत नाही बिचारी, येऊन नुसता गॅस बारीक करते. आज मात्र नातीकडून कागद मागून घेतले आणि बॉलपेन घेऊन बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं, पण तुम्हाला त्याचं काय! तोंडानं सांगायचं सोडून लिहीत का बसले, ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर मजा जाईल.

आज सकाळी मी छावणीतल्या आपल्या चर्चमध्ये गेले होते. आपलं म्हणते, सवय आहे. नातीच्या मैत्रिणीचं लग्न होतं तिथं. नात म्हणाली, "आजी, चल, तुझं ते दगडी चर्च बघून घे, जाऊन किती वर्षं झाली तुला." पुंडलिकनगरातून छावणीपर्यंत तिच्या स्कूटीवर मागं बसून गेले, जरीची साडी नेसून. सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, "क्या बात है, दादीमाँ!" मी म्हटलं, "सामने देखो, बेटा." नात हसून हसून गाडी पाडायला निघाली होती. तुम्ही असता तर विचारलं असतं, साडीचा रंग कोणता. जांभळी, अण्णा. पिकल्या जांभळासारखी नाही, वांग्यासारखी.

हे असं सांगायची सवय तुम्हीच लावली मला. नाहीतर लहानपणी मी मुकीच होते जवळजवळ. तुम्ही लढाईवरून आलात तेव्हाचं आठवतंय मला. त्याच्या आधीचे तुम्ही मला फार आठवत नाही, सुट्टीवर यायचे तेवढेच. आजी सांगायची, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आपल्या गावावरून, शेंद्र्यावरून, फौजेच्या गाड्या गेल्या, तुम्ही अर्धवट वयाचे पोर, त्या गाड्यांमागं पळालात ते थेट भरतीलाच जाऊन पोचलात. पोचायला मधे चार-सहा वर्षं गेली असणार, पण आजी असंच सांगायची. मग पुढं ती पाकिस्तानची लढाई झाली, आणि तुमच्या डोळ्यांसमोर कसलासा गोळा फुटला. दवाखान्यात लई दिवस होतात. तिथून सरकारनं वर उत्तरेत, डोंगरातल्या एका शाळेत पाठवलं. डोळे गेलेल्या शिपायांची शाळा. काठी घेऊन चालायचं कसं, आरशाशिवाय दाढी करायची कशी, कागदावर उठलेले ठिपके बोटांनी वाचायचे कसे, आणि वेताच्या खुर्च्या विणायच्या कशा, हे सगळं शिकून तुम्ही आलात आणि खाटेवर जाऊन बसलात. बसलात ते बसलातच. पेन्शनीचं काम छावणीत, दवाखाना छावणीत, म्हणून आईनं शेंद्र्याचं बिऱ्हाड हलवून छावणीत एक खोली घेतली. खाट तिथंही आली आणि तुम्ही खाटेसकट.

आई कुठून तरी ऐकून आली, की दगडी चर्चमधल्या वेताच्या खुर्च्या फाटल्यात, साहेब लोकांच्या वेळच्या, आणि नाताळच्या आत विणून पाहिजेत. तुम्ही भिंतीकडं तोंड केलं. "फौजेत रायफल धरली या हातानं. आता खुर्च्या विणू? लोक काय म्हणतील?" आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "लोकांना दिसतं, ते काय बी म्हणतील. तुमी का छताकडं बघत बसलाय अवो? दिसतंय का छत तरी?" मला वाटलं, आता घरात काहीतरी फुटणार.  पण तुम्ही म्हणालात, "पोरीला म्हणावं काठी दे." त्या दिवसापासून मी तुमच्याबरोबर. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवायचात, जड हात, आणि आपण चालायला लागायचो.

पहिल्या दिवशी पाळकसाहेबांनी आपल्याला आत नेलं. पाळक म्हणजे तिथले धर्मगुरू, आपलं मराठीच बोलायचे, बारीक आवाजाचे, सज्जन. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत रांजणाजवळ बसल्यासारखं गार. तुम्ही दारात थांबलात आणि खाकरलात. तुमचं खाकरणं वर गेलं, कुठंतरी फिरलं आणि परत आलं. तुम्ही परत खाकरलात. परत आलं. "माय, केवढं हाय गं हे?" मी म्हणाले, "मोठं हाय." तर तुम्ही माझ्यावर असे खेकसलात! "मोठं म्हंजी काय? कडब्याच्या गंजीएवढं का पायऱ्यांच्या बारवेएवढं? तुला डोळे दिलेत देवानं, त्यांना तोंड न्हाई दिलं का? नीट सांग." मला रडू आलं. पण रडत रडत वर बघितलं आणि म्हणाले, "बारव उलटी टांगल्यावाणी दिसतंय. पायऱ्या न्हाईत पण वर वर निमुळतं होत गेलंय, अन् वर लाकडाच्या फासळ्या हायेत, बैल लई वाळल्यावर दिसतात तशा." तुम्ही ऐकलंत आणि हसलात. अण्णा, घरी आल्यावर मी आईला सांगितलं, अण्णा हसले, तर ती म्हणाली, "खोटं बोलू नको." मग उंबऱ्यात बसून पदर तोंडाला लावला तिनं. तेव्हापासून माझी बडबड सुरू झाली ती आजतागायत. घरातले हसतात, आजी लई बोलते म्हणून. हसू दे. मला शिकवणारा माणूस कोण होता ते त्यांना काय ठाऊक.

व्हरांड्यात आपला कारखाना. घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, त्यांचा वास ओल्या गवताचा. मी पट्टी काढून द्यायची, तुम्ही चौकटीच्या भोकांतून ओवत जायचे, आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरक्या, आणि मी तोवर सांगत बसायची. झाडावर कोण बसलंय, मिलिटरीची गाडी कोणत्या रंगाची, पाळकसाहेबांच्या सायकलच्या चेनमध्ये त्यांचा झगा कसा अडकला. पाळकसाहेब तिकडून ओरडायचे, "पोरी, ते नको सांगू!" तुम्ही पट्टी ओढता ओढता गालात हसताय, मान तिरकी, पावडर लावल्यासारखी धूळ मिशीवर. आत्ताही समोर दिसतंय.

मग ते चित्र आलं. बाहेरचं सगळं सांगून झालं होतं, म्हणून एक दिवस मी दारातून डोकावून आतलं सांगायला घेतलं. पुढच्या भिंतीत उंचावर रंगीत काचांची मोठी खिडकी होती. मी म्हणाले, "अण्णा, एक दाढीवाला माणूस हाय, निळी चादर पांघरलेला. तो दुसऱ्या एकाच्या डोळ्याला चिखल लावतोय." तुम्ही म्हणालात, "चिखल? कशाला?" मी म्हणाले, "डोळे आले असतील त्याचे." तुम्ही असे हसलात की हातातली पट्टी सुटली. "डोळे आल्यावर आमची आई दुधाचा बोळा ठेवायची. ह्यांच्यात चिखल लावतात व्हय!" पाळकसाहेब आत फुलं ठेवत होते, ते लगबगीनं बाहेर आले. भोळा माणूस, त्यांना राहवेना. म्हणाले, "नाही नाही, फौजी. तो जन्माचा आंधळा होता. प्रभूनं माती कालवून डोळ्यांना लावली आणि त्याला दिसायला लागलं."

मी तुमच्याकडं बघत होते. तुमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, तसंच राहिलं, पण त्याच्यामागचे तुम्ही गेलात. हातातली पट्टी घमेल्यात ठेवलीत, गुडघ्यावर हात टेकून उठलात. "चल, माय." वाटेत मी एक शब्द बोलले नाही आणि तुम्हीही 'सांग' म्हणाला नाहीत. घरी येऊन तुम्ही खाटेवर बसलात. दुसऱ्या दिवशी बसून. तिसऱ्या दिवशी बसून.  आईकडं होतं ते हत्यार तिनं एकदा वापरलेलं, तेच दुसऱ्यांदा चालणार नाही हे तिला कळत होतं. मला मात्र आत आत भीती वाटायची, की आता तुम्ही त्या खाटेवरून उठणार नाही कधी, आणि मी पुन्हा मुकी होणार.

पाळकसाहेब आले. दारात उभे राहिले, हातात टोपी. "माझं चुकलं, फौजी. पण खिडकी काही मला काढता यायची नाही, शंभर वर्षांची आहे." तुम्ही म्हणालात, "खिडकी ऱ्हाऊ द्या तुमची. पण एक सांगा. त्याचे डोळे उघडले, तो गेला घरी. आता मी काय करू? तुमच्या दारात खुर्च्या विणत बसू, अन् वाट बघू, माती कधी कालवतोय ते?" पाळकसाहेब उंबऱ्यातच खाली बसले. खरंच सांगते, मला ते त्याच्यासाठी आवडतात अजून, की त्यांनी उत्तर बनवलं नाही. आईनं चहा दिला, त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि म्हणाले, "मलाही माहीत नाही," आणि गेले.

त्या दिवशी संध्याकाळी मी खाटेजवळ ज्वारी निवडत बसले होते. तुम्ही एकदम विचारलंत, "तो उभा हाय का बसलाय?" मी म्हणाले, "कोण?" "चित्रातला. आंधळा." "बसलाय." "कशावर?" मी म्हणाले, "कशावर न्हाई. भुईवरच." तुम्ही परत विचारलंत, "खुर्ची न्हाई? पाट, दगड, काही?" "न्हाई अण्णा. मातीत बसलाय." मग तुमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताय. आई चुलीपासून धावत आली. तर तुम्ही हसताय! "ऐकलंस का गं? एवढं उलट्या बारवेएवढं देऊळ बांधलं गोऱ्यांनी, दुसऱ्या गावचे लोक येऊन खुर्च्यांवर बसतात, अन् ज्याच्या डोळ्यांचं एवढं कवतिक, तो मातीत! शंभर वर्षं झाली, कुणी बस म्हणलं न्हाई बिचाऱ्याला." हसून झालं, डोळे पुसलेत. त्या डोळ्यांतून पाणी तेवढं यायचं. मग म्हणालात, "माय, त्या पट्ट्या वाळून कडक झाल्या असतील. सकाळी जाऊन भिजत घालाव्या लागतील. एक खुर्ची त्याच्या नावानं विणू. बसायची येळ आली तर असावी."

नाताळच्या आत सगळ्या खुर्च्या झाल्या, आणि एक जास्तीची झाली. पाळकसाहेबांनी तिच्याबद्दल काही विचारलं नाही, पुढं खिडकीच्या खाली ठेवून दिली. मग दवाखान्याचं काम आलं, कचेरीचं आलं, शाळेचं आलं. खाट आईनं बाहेर काढली, तिच्यावर पापड वाळवायला लागली. माझी शाळा चौथीनंतर गेली ती गेलीच, पण अण्णा, मला कधी वाईट वाटलं असेल तर ते पोरांचे अभ्यास घेताना, आणि तेही थोडंसंच. तुम्ही माझ्या लग्नातही सोडलं नाहीत मला. मुलगा बघून गेल्यावर विचारलंत, "कसा हाय?" मी लाजून म्हणाले, "बरा हाय." तुम्ही खेकसलात, "बरा म्हंजी?" मग सांगितलं, की नाक तुमच्यासारखं, चालतो असा की मनमाडची गाडी सुटायला लागलीय. तुम्ही म्हणालात, "मग तुला पळावं लागंल." पळाले, अण्णा. चांगलं पळाले.

तर आजचं. लग्नाला आत सगळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर पांढरे झगे घातलेले, मागं सॅटिनची गाठ. पण पुढं नवरा-नवरीला बसायला दोन जुन्या वेताच्या ठेवल्या होत्या. मी लांबूनच ओळखल्या. लग्न लागलं, सगळे केक खायला बाहेर पळाले, तर मी नातीला म्हटलं, मला जरा तिथं बसू दे. ती म्हणाली, "बस, फोटो काढते." बसले. हात खाली घालून चाचपलं. वेत तुमचा नसणार, मधे कुणी तरी परत विणला असणार, पण लाकडातली भोकं तीच. एकेका भोकात बोट घातलं. मग वर बघितलं.

मागच्या थंडीत माझा मोतीबिंदू काढलाय, आता सगळं लख्ख दिसतं. आणि खिडकीही त्यांनी धुतलीय. आपल्या वेळी खालच्या अर्ध्या काचा काळ्याकुट्ट होत्या, बाहेरून वेल चढलेला, आतून कबुतरं. आंधळ्याचं मला कमरेपर्यंतच दिसायचं, अण्णा. आणि आपल्या घरात माणूस बसला म्हणजे भुईवरच बसायचा, खुर्ची कुणाकडं होती? मी तसंच समजून चालले आणि तसंच तुम्हाला सांगितलं. आज बघते तर तो बसलाय तिवईवर. तीन पायांची, कडेला कोरीव काम, चांगली ऐसपैस. पहिल्यापासून बसलाय तिच्यावर, आरामात. मी चर्चमध्ये एवढ्यानं हसले की माझंच हसू वर जाऊन परत आलं. नात घाबरली. "आजी, हळू! काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं, ओळखीचा माणूस भेटला."

घरी आले. कणीक मळली, तुळशीला पाणी घातलं, आणि दिवसभर तोंड दाबून धरलं. साडीचा रंग सांगितला असता तुम्हाला, रिक्षावाला सांगितला असता, पण एकदा बोलायला लागले की मला थांबता येत नाही, तुम्हीच लावलेली सवय. तिवईचंही सांगून बसले असते. आणि ते तुम्हाला कळू द्यायचं नाही मला. सांगितल्याशिवाय राहवत तर नाही, म्हणून लिहिलं. बॉलपेनची अक्षरं सपाट असतात, अण्णा, बोटाला लागत नाहीत.