येऊ का, असं विचारलंत म्हणून

थेरगाव, रविवार

प्रिय जयदीप भाऊजी,

तुमच्या आईच्या फोनवरून आलेला निरोप मिळाला. गणराजच्या वर्षश्राद्धाला येऊ का, असं विचारलंत. एरवी तुम्ही विचारून कधी आलात? चपला काढता काढताच चहा टाका म्हणून ओरडायचात, आणि मी हलले नाही तर स्वतःच आधण ठेवायचात. त्या माणसाने परवानगी मागावी, याचं मला फार वाईट वाटलं. उत्तर एका शब्दाचं आहे, फोनवरही देता आलं असतं. पण हल्ली फोनवर काही लिहिलं की ते उद्या कुणाच्या तरी व्हिडिओत दिसेल अशी धास्ती वाटते. पोस्टमन निदान खाली कमेंट तरी टाकत नाही.

आमचं बरं चाललंय म्हणायचं. मी चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागले. सकाळच्या शिफ्टची बस डांगे चौकात धरते. पहिल्याच आठवड्यात शेजारी बसलेल्या बाईने हळूच विचारलं, तुम्ही त्या व्हिडिओतल्याच ना? मी म्हटलं, हो, आणि तुम्ही त्या बघणाऱ्यांतल्याच ना? तेव्हापासून माझ्या शेजारची सीट रिकामी असते. पिशवी ठेवायला बरी पडते. स्वरूपा चौथीत गेली. तिच्या वर्गातल्या कुणी तरी तिला तिच्याच पप्पांचा व्हिडिओ दाखवला, म्हणून मी शाळेत जाऊन आले. बाईंनी ऐकून घेतलं, आणि निघताना मलाच विचारलं की खरं काय झालं हो.

खरं काय झालं हे मला कुठे माहीत आहे? दुसरी शिफ्ट संपवून गणराज गाडीवर निघाला आणि निघोज्याच्या रस्त्यालगत गळ्यावर वार झालेला सापडला, एवढंच आजही माहीत आहे. गाडी मिळाली नाही, मारणारा मिळाला नाही. तुम्ही त्या रात्री कंपनीतच ओव्हरटाइमला थांबला होतात. अख्ख्या प्रेस शॉपने तुम्हाला मशीनवर पाहिलं होतं. पोलिसांनी तुम्हाला दोनदा बोलावलं, सगळ्यांचे जबाब घेतले आणि सोडून दिलं. मी चौकीत गेले की अजून म्हणतात, तपास सुरू आहे. चहासुद्धा विचारतात. चांगली माणसं आहेत, पण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

म्हणूनच यूट्यूबच्या त्या चॅनेलवाल्याचा गणराजच्या खुनावरचा पहिला व्हिडिओ आला तेव्हा नाना हरखले. आमचे सासरे कसे आहेत, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, पोलिसाहून हे लोक बरे, माझ्या लेकराबद्दल बोलायलेत तरी. रोज कानात ते वायरचं बोंडुक घालून बसायचे. एकदा त्यांनी स्वतः खाली लिहिलं, मी बबनराव, गणराजचा बाप, माझा मुलगा सरळ होता. त्यावर उत्तरं आली की हे खोटं खातं आहे, बाप असता तर एवढ्या थंडपणे लिहिलं असतं का. नानांनी मला विचारलं, मग कसं लिहायचं असतं गं? निघोज्यातल्या एका म्हाताऱ्याला त्या चॅनेलवाल्याने गाठलं होतं. तो बिचारा म्हणाला, आमाला कायबी म्हाईत न्हाई, बाबा. तर व्हिडिओचं नाव ठेवलं, गावकरी काय लपवतायत?

मग तुमचा फोटो आला. खंडेनवमीला कंपनीत प्रेस मशीनसमोर तुम्ही कुंकू भरलेला कोहळा फोडलात, तेव्हाचा. मनगटापर्यंत लाल हात, शेजारी गणराज कपाळाला टिळा लावून हसतोय. तुमच्या हातांभोवती गोल काढला होता. हा माणूस मित्राच्या शेजारी कसली तयारी करतोय, असं तो चॅनेलवाला विचारत होता. त्याला कदाचित ठाऊक नसेल, पण खाली शंका काढणारी सगळी आपलीच माणसं होती. दरवर्षी कंपनीत कोहळा फोडणारी, त्याच कुंकवाने बसचं चाक पुजणारी. कुणी एकाने लिहिलं नाही की अरे, ही मशीनची पूजा आहे. मी लिहिलं. तर म्हणे, बघा, ही बायको त्याची बाजू घेतेय. त्याच संध्याकाळी तुमचं नाव माझ्याशी जोडून टाकलं. भाऊबीजेला मी तुम्हाला ओवाळते ते कुणी कोहळ्यासारखं फोटोत धरलं नव्हतं, आणि धरलं असतं तरी त्यांनी त्यातही काही शोधलंच असतं.

पुढचं तुम्ही भोगलंत. कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, सोयरीक मोडली, घरमालकाने खोली सोडायला लावली. औशाला भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात बसता असं ऐकलं. त्या वेळी मी जिथे तिथे तुमच्यासाठी भांडले. जावांशी, बिल्डिंगमधल्या बायकांशी, एकदा तर भाजीवालीशी. मला त्याचा अभिमान होता. गणराज कसा शिट्टी वाजवत जिना चढायचा, वांग्याची भाजी बघून कसं तोंड करायचा, हे बोलायला तुमच्याशिवाय मला दुसरं माणूस उरलेलं नाही. बाकी सगळे फक्त तो कसा मेला तेवढंच विचारतात.

आता मुद्द्याचं लिहिते. जूनमध्ये तुम्ही स्वरूपासाठी आंब्यांची पेटी घेऊन आला होतात. नेहमीसारखे सरळ स्वयंपाकघरात शिरलात, सुरी घेतलीत आणि चिरायला लागलात. स्वरूपा तुमच्या गुडघ्याला टेकून उभी होती. मी येऊन तुमच्या हातातून सुरी घेतली आणि म्हटलं, राहू द्या, पाहुण्याने कामं करू नयेत. तुम्ही हसलात, म्हणालात, वहिनी, आज पाहुणा केलं की मला. भाऊजी, मी तुम्हाला पाहुणा केलं नव्हतं. मला भीती वाटली होती. नंतर स्वरूपाला माझ्या बाजूला ओढून मी ओट्याला पाठ टेकून आंबे चिरले, कारण मला तुमच्याकडे पाठ करायची नव्हती. तुम्ही काही केलं नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे. रोज स्वतःला सांगते आणि रोज ते खरं असतं. पण ते व्हिडिओ मीही पाहिले, भांडण्यासाठी म्हणून एकेक दहादा पाहिले, आणि त्यांनी माझ्या डोळ्यांचं काय केलं ते मला त्या दिवशी कळलं. नाना म्हणतात, जयदीपला बोलाव. लोकांची मला पर्वा नाही. नको म्हणतेय ती मी. येऊ नका, भाऊजी. तुम्ही आलात तर मी पुन्हा तुमच्या हातांकडे बघेन, आणि या वेळी ते तुमच्या लक्षात येईल.

तुमचीच वहिनी,
विजयश्री