देवीच्या वस्त्राचा काठ

सियाम रीप, कंबोडिया
१४ जून १९९२

ती. गं. भा. अक्कास,
श्रीधरचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पावसामुळे देवळांतलं डागडुजीचं काम थांबलंय, म्हणून गोदामातल्या मूर्तींची चित्रं काढत बसलोय. त्यातल्या एका देवीने मला वेड लावलंय. हजारेक वर्षांपूर्वीच्या इथल्या कुणा ख्मेर कारागिराने घडवलेली. दोन्ही हात तुटलेत, पण ओठांवर असं शांत हसू की तासभर माझी पेन्सिलच हलली नाही. आणि निऱ्या! दगडाच्या आहेत हे विसरायला होतं.

कमरेपासून गुडघ्यापर्यंत एक तिरकी रेघ आहे, ती मी भेग म्हणून काढली. माझ्या चित्रांवरूनच गवंडी भेगा बुजवतात, त्यामुळे जिवाला घोर लागलाय. फोटो पाठवतोय. तू भाद्रपदात महालक्ष्म्यांना साड्या नेसवणारी, तुला काय वाटतं? दोनेक महिने काम रोखून धरतो. तुझ्या सूनबाईला, उषाला सांग, भात खाऊन कंटाळलोय.

लोभ आहेच, तो वाढू दे.
श्रीधर

उज्जैन
९ जुलै १९९२

चि. श्रीधरास अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. काय रूप आहे रे बाईचं, नजर हटत नाही. फ्रीगंजात एसटीडी बूथ झालाय, पण तुझ्या गावाला फोन लागेना, म्हणून लिहिते.

नेसवणारी म्हणतोस, पण तुझे नाना गेले तेव्हापासून, तीन वर्षं, मी महालक्ष्म्यांना हात लावलेला नाही. विधवेने लावू नये म्हणतात. सूनबाई नेसवते, मी दारातून बघते. पोरगी गुणी आहे, पण तिच्या निऱ्या पसरतात.

तरी राहवलं नाही. माळ्यावरून महालक्ष्मीचा रिकामा स्टँड काढला, जुनी सुती साडी घेतली आणि दोन दिवस खटपट केली. उषा म्हणाली, खामखा दमता. पण जमलं. अरे, ती भेग नव्हे, काठ आहे. भेग निऱ्यांना वाटेल तशी कापत जाते. तुझी रेघ प्रत्येक निरीवर चढते, उतरते. वस्त्र गुंडाळून टोक पुढे मोकळं सोडलंय. बुजवलंत तर बिचारीचं नेसणं बिघडवाल. त्या कारागिराने बायकोला नेसताना नीट बघितलेलं असणार.

जेवणाची हयगय करू नकोस.
तुझी अक्का

सियाम रीप
४ ऑगस्ट १९९२

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

कामावरच्या आमच्या साहेबांनी फोटो भिंगातून बराच वेळ बघितला आणि मान डोलावली. रेघ भेगांच्या यादीतून निघाली. चित्राखाली आता लिहिलंय, ‘वस्त्राचा मोकळा काठ’. कुणी ओळखलं म्हणून विचारलं, तर म्हटलं, उज्जैनला आमची अक्का असते. छाती फुगली होती माझी.

इतक्या लांबून दगडातलं वस्त्र ओळखणाऱ्या हातांनी घरच्या देवीला शिवायचं नाही, हे मला पटत नाही. यंदा तूच नेसव. उषालाही लिहिलंय.

माया असू दे.
श्रीधर

उज्जैन
७ सप्टेंबर १९९२

चि. श्रीधरास अनेक आशीर्वाद.

मी नाहीच म्हणत होते. नानाखेड्याहून सुलभाकाकू आलेली, तिच्या तोंडाची धास्ती. पण उषाने महेश्वरी साडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “अक्का, तुम्ही नेसवणार नसाल तर मीही नेसवणार नाही.” मग काकूच टाचण्या पुढे करू लागली. धाकट्या महालक्ष्मीचा काठ तुझ्या देवीसारखा मोकळा सोडला. सगळ्यांनी वळूनवळून बघितला.

तुझ्या त्या देवीचा फोटो देवघरात ठेवलाय. रोज बघते. हिचे हात तरी तुटले होते रे, माझे तर शाबूत होते.

तुझी अक्का