बहमन संपला म्हणे

प्रिय इरज,

फोनच्या तारा अजून तुटलेल्याच आहेत, म्हणून हे पत्र दूधगाडीवाल्या फरामर्जच्या हाती देते आहे. आज संध्याकाळी उतरताना तो तुमच्या रस्ता-कामगारांच्या छावणीपाशी थांबेल. नवरोजला तू आला नाहीस. आईने तुझ्या वाटणीचा मासा-भात शेजारी दिला आणि दिवसभर रस्त्यावरचं बर्फ काढणाऱ्या यच्चयावत बुलडोझरांना शिव्या घातल्या. ती ठणठणीत आहे. गुडघे सोडले तर माझ्यापेक्षा तरुण.

गावात जर्दाळू फुललेत. आणि वर डोंगर सडतोय. हो, सडतोय. तीन रात्री आभाळ खाली उतरून बसलंय, रिमझिम चालू आहे, बर्फ रात्रीचं गोठतच नाही. उजाडलं की मी कुरणाच्या वरच्या कडेला जाते आणि बूट दाबून बघते. वर कडक कवच धरलं असेल तर दुपारपर्यंत भीती नाही, हे बाबांनी आपल्याला शिकवलेलं. आता पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि खालून पाण्याचा आवाज येतो. कड्यावरून बर्फाची चाकं गडगडत आली आहेत. खिंडीखालच्या उतारावर आडवी भेग पडली आहे. परवा ती काळ्या दोरीसारखी दिसत होती, आज तिच्यात गाढव मावेल. उतारावरचं सगळं बर्फ ओल्या गवतावर नुसतं टेकून उभं आहे. त्याच्या पायथ्याशी आपलं कुरण, आणि उद्या नवरोजचा तेरावा दिवस. तेराव्याला घरात बसणं अशुभ, म्हणून उद्या अख्खं गाव जेवण बांधून त्याच कुरणात जाणार.

मी मशिदीच्या अंगणात कट्ट्यावर उभी राहून बोलले. घसा बसेपर्यंत बोलले. म्हटलं, नशीब वगैरे काही नसतं, ज्याला डोळे आहेत आणि जो बघत नाही त्याने नशिबाचं नाव घेऊ नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या, इरज! कारभारी नूरअली म्हणाला, "वा मास्तरीणबाई, काय बोलता! निवडणुकीला उभ्या राहा, मत देतो." आणि मग मिशीत हसत, "पण घरातलं कॅलेंडर जरा बघा. बहमन संपला, मागून इस्फंदही गेला, आता फरवरदीन चालू आहे. बहमन पुढच्या थंडीत येईल, तेव्हा बोलवा." सगळं अंगण हसलं. कोणत्या शहाण्याने कोसळत्या बर्फालाही बहमन म्हटलं आणि हिवाळ्यातल्या महिन्यालाही बहमनच? हा विनोद आपण लहानपणी करायचो. आता तो विनोद राहिला नाही, गावाची समजूत झाली आहे. महिना उलटला म्हणजे डोंगरानेही पान उलटलं! यांतल्या निम्म्यांना मी वाचायला शिकवलं, आणि त्यांनी वाचलं काय, तर कॅलेंडर.

वर त्यांच्याकडे पुरावा आहे. उन्हाकडचा उतार मागच्या आठवड्यात कोसळला, कोणाला काही झालं नाही. "यायचं ते येऊन गेलं, ताई," असं तुझा मित्र हूमानसुद्धा म्हणतो. अरे, तो उतार वेगळा, हा वेगळा! मी म्हटलं, निदान मशिदीमागच्या खळ्यावर जमू या. तर शेजारची कोकब फणकारली, "खळ्यावर कसला तेरावा? नवरोजला उगवलेले गव्हाचे सब्जे काय कोंबड्यांना घालू? ते सोडायला वाहतं पाणी लागतं." वाहतं पाणी कुरणातच आहे. तिच्या मुलीला गवताला गाठ मारायची आहे, औंदा लग्न ठरावं म्हणून. गवतही तिथेच. ठाण्यावर निरोप धाडला, तर सुट्ट्या संपल्यावर बघू म्हणाले.

राहिली आई. सकाळी मी तिचे बूट लपवले, तर तिने कोकबचे रबरी बूट मागून आणले. दोन्ही डावे असते तरी घातले असते. म्हणाली, "तेराव्याला घरात बसून अपशकुन करणारी बाई मी नव्हे. तुझ्या बर्फाला सांग, म्हातारी येतेय, वाट दे." कुरणात आशचं सूप न्यायचं पातेलं घासून उंबऱ्यात ठेवलं आहे. मी हात जोडले, रडले, ओरडले. ती म्हणाली, "भाषण पुरे, पुदिना निवड." मी पुदिना निवडला.

ती जाणार, म्हणजे मीही जाणार. गावाला थांबवायचं मी आता सोडून दिलं आहे. हे पत्र त्यासाठी नाही. उद्या तुला सुट्टी आहे हे मला ठाऊक आहे. ती घेऊ नकोस. बुलडोझर पुलाच्या पलीकडेच उभा कर, अलीकडे आणलास तर तूही त्याच उताराखाली येशील. बर्फात खुपसून माणसं शोधायला लांब काठ्या घे, फावडी घे, मिळतील तेवढी माणसं घे. आवाज आला की लगेच धावू नका, दुसरा लोट येतो का ते आधी बघा. लोक ओढ्याच्या काठाने बसलेले असतील, तेव्हा पाण्याच्या उताराकडे शोधत जा. मुलं पाण्यापाशी असतील, त्यांना आधी काढा. आई आणि मी मोठ्या खडकाच्या गावाकडच्या अंगाला बसू. सकाळपासून तिचा हात मी सोडणार नाही, म्हणजे आमच्यासाठी तुला दोन जागी खणावं लागणार नाही.

तुझीच ताई,
तूरान