चार नंबरची प्रेस

मुरबाड,
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय बुद्धभूषणदादा यांस,
सप्रेम जय भीम.

तुमची आणि पौर्णिमावहिनींची तब्येत बरी असेल. धोंडाकाकूंचे गुडघे थंडीत दुखतात असं कळलं. आमच्याकडे सगळे ठीक. रुचिता दुसरीत आहे, अमित अजून देसलेसाहेबांच्याच गोदामात स्टोअर सांभाळतो.

दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही, म्हणून पोस्टाने लिहितेय. तीन वर्षांनी लिहिताना सुरुवात कशी करावी ते कळत नाही, तेव्हा मंडळाच्या कामाचंच लिहिते.

तुम्ही उभं केलेलं आपलं उत्पादन अभियंता मंडळ बरं चाललंय. या महिन्याची सभा २२ तारखेला मुरबाडला आहे. मोजमापाची उपकरणं कशी तपासावीत यावर वाशिंदचे एक गृहस्थ बोलणार आहेत. मार्चअखेर शहापूरच्या आयटीआयच्या मुलांना दोन कारखाने दाखवायचेत, एप्रिलमध्ये वेल्डिंगची कार्यशाळा. आणि ८ मार्चला मोठा कार्यक्रम, सुरक्षा सप्ताह आणि महिला दिन एकत्र. विषय आहे 'शून्य अपघात'.

त्या दिवशी तुम्ही बोलावं अशी विनंती आहे. यंत्रापुढे उभ्या माणसाची काळजी कशी घ्यायची हे तुमच्याइतकं आपल्या भागात कुणी जाणत नाही. कारखान्याचे मालक देसलेसाहेब आता मंडळाचेही अध्यक्ष आहेत. त्यांना मी अजून विचारलेलं नाही, पण विचारीन.

मागच्या महिन्यात प्रेस शॉपमध्ये एक लहानसा अपघात झाला. काळजीचं काही नाही. तुमच्याकडे चार नंबरच्या प्रेसचे जुने कागद असले तर येताना आणावेत. नसले तरी चालेल.

कळावे,
श्वेता अमित रोकडे
सचिव

---

किन्हवली,
२० फेब्रुवारी

दादा,

तुमच्या आईच्या ओट्यावर बसून लिहितेय. माझं रजिस्टर पत्र सोमवारी परत आलं, वर पोस्टाचा शेरा, 'घेण्यास नकार'. मला राग आला नाही. आज अर्धी रजा टाकून एसटीने इथे आले. काकूंनी चहा दिला. मी रडायला लागले तेव्हा म्हणाल्या, "तो हातात घेनार नाय गो. पन तू लिव. रविवारी दोघा येतील तवा मी सुनेकडून वाचून घेईन, त्याच्या म्होरं. आईला उठून जा कसा सांगंल?"

म्हणजे हे पत्र तुम्हाला ऐकावं लागणार आहे. हे बरोबर नाही, मला कळतंय. पण मला दुसरा रस्ता उरला नाही.

परत आलेलं ते पत्रही यासोबत ठेवतेय. त्यात मी लहानसा अपघात म्हटलं. ते खोटं. १७ जानेवारीला पहिल्या पाळीत चार नंबरवर जिवलीच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. जिवली ठेकेदाराकडची, कातकरी वाडीतली, वय पंचवीसच्या आत. तुमच्यानंतर लागली, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिने दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली, दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस हलत नाही; ती खाली आली, वर गेली. तिथे थांबायला हवी होती. थांबली नाही. जिवली पत्र्याचा तयार भाग काढायला हात आत घालते तोच प्रेसने आपण होऊन दुसरा ठोका दिला. तुम्ही लिहून दिलं होतंत तेच, दादा. अगदी तेच.

मी पाच पावलांवर होते. पाठ होती माझी. दोन ठोके ऐकले आणि वळायच्या आधीच मला कळलं.

चौकशीचा अहवाल मी लिहिला. देसलेसाहेब बाजूला बसून सांगत होते. "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे, असं लिहा." मी म्हटलं, सर, दोन्ही हात बटणांवर असतील तर आत जायला तिसरा हात कुठून आला? ते शांतपणे म्हणाले, "एका बटणावर तिने चिकटपट्टी लावली होती. काम लवकर उरकायला बायका लावतात. तुम्ही पाहिलंय ना?" मी पाहिलेलं नव्हतं. मी लिहिलं. खाली सही केली, नाव, हुद्दा, तारीख.

परवा वाडीवर गेले होते. जिवली दारात बसली होती, हात गळ्यात बांधलेला, आणि तिची आई हौशी तिला भात भरवत होती. जिवलीने मला ओळखलं. म्हणाली, "बाय, तुमी कागदावर काय लिवलाय? ठेकेदार बोलतो मी पट्टी लावलेली. मी कवा लावली पट्टी? तुमी तर व्हता ना तिथं."

नेलेली फळं ठेवली आणि निघाले. रस्त्यापर्यंत मागे बघितलं नाही.

आता ८ मार्चचं ऐका. मंडळातर्फे सुरक्षेचं मानचिन्ह आपल्याच कारखान्याला द्यायचं ठरलंय. कारखान्यातर्फे ते घ्यायचं मी, महिला अभियंता म्हणून. साडी कुठल्या रंगाची नेसायची हेही ऑफिसातून कळवलंय.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही प्रेसला धोक्याची लाल चिठ्ठी लावून कुलूप घातलंत आणि साहेबांना पत्र दिलंत, त्या पत्राची पोच, शिक्का मारलेली प्रत, तुमच्याकडे असेल. कारखान्याची फाईल मी पानन् पान बघितली. तुमच्या पत्राची पानं आता तिथे नाहीत.

प्रेस चालू आहे. तिच्यावर आता गीताबाई बसते. मी रोज सकाळी कामाला लागले की माझे कान तिकडेच असतात, दुसरं काही सुचत नाही. घरी कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. अमितला यातलं काही सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मंडळाच्या त्या सभेबद्दल मी इथे लिहीत नाही. वहिनी वाचत असतील.

श्वेता

---

मुरबाड,
१३ मार्च

दादा,

तुम्ही पत्र शेवटपर्यंत ऐकलंत आणि जेवायला बसलात, असं काकूंनी फोनवर सांगितलं. उत्तर येणार नाही हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. तरी आठ तारखेला हॉलच्या दाराकडे मी दोनदा बघितलं.

झालेलं सगळं लिहिते. माझ्याबद्दल दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

साठेक माणसं होती. मानचिन्ह द्यायच्या आधी सचिवाने पुढच्या कार्यक्रमांची यादी वाचायची, मग भाषण. मी यादी वाचली. शहापूरची मुलं, वेल्डिंगची कार्यशाळा, मे महिन्यातली सर्वसाधारण सभा. मग कागद खाली ठेवला. मी म्हणाले, १७ जानेवारीचा अहवाल मी लिहिलाय आणि तो खोटा आहे. पट्टी नव्हती. प्रेसने आपण होऊन दुसरा ठोका दिला. हे होणार असं बुद्धभूषण शेजवळ यांनी तीन वर्षांपूर्वी लेखी दिलं होतं. प्रेस चालवायला नकार दिला म्हणून त्यांची नोकरी गेली. ते या मंडळाकडे आले, म्हणाले, मंडळाने कारखान्याला फक्त एक पत्र लिहावं. आपण पत्र लिहिलं नाही. शिस्तभंगाचा ठराव करून त्यांनाच काढलं. नऊ जणांच्या समितीत आठ हात वर गेले. एक माझा होता, आणि पुढच्या महिन्यात मी त्यांच्या जागी सचिव झाले.

हे मी तुम्हाला कधीच बोलले नव्हते. साठ माणसांपुढे बोलले, आणि ऐकायला नेमके तुम्ही नव्हता.

साहेब उठले. आवाज चढवला नाही. "मॅडमना बरं वाटत नाहीये, घरचा ताण आहे. आपण जेवणाकडे वळू या." खुर्च्या सरकल्या. एका लहान वर्कशॉपवाल्या काकांनी मागून विचारलं, "ती प्रेस आत्ता चालू आहे का?" मी म्हटलं, "हो, चालू आहे. गीताबाई बसली आहे तिच्यावर." ते खाली बघू लागले. बाकीचेही. सगळे यंत्रांची माणसं, दादा. दुसरा ठोका म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही समजावून सांगायला लागत नव्हतं. आणि एकही उठला नाही.

मग मी रिक्षा करून कारखान्यात गेले. त्याच साडीत. गेटवर कुणी अडवलं नाही, त्यांना वाटलं फोटोसाठी आले. चार नंबरचा मेन स्विच पाडला आणि गीताबाईला म्हटलं, ऊठ. ती उठेना. "मॅडम, माझा काम घालवू नका. तुमचा भांडान तुमी बघा." मी तिला हाताला धरून उठवलं. ती रडायला लागली, मीही. वॉचमन येईपर्यंत मी स्विचपुढे उभी होते. किती वेळ ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या पाळीत प्रेस पुन्हा सुरू झाली. मला आज निलंबनाचं पत्र मिळालं. अमितने ते वाचून घडी घातली. "आधी सांगायचं तरी होतंस," एवढंच म्हणाला आणि रुचिताला घेऊन बाहेर गेला.

कारखाना निरीक्षकांकडे मी लेखी जबाब दिलाय. २५ तारखेला कल्याणला सुनावणी आहे, सकाळी अकरा वाजता. कंपनीचा वकील काय म्हणणार हे मला आजच माहीत आहे. अहवालावर सही माझी, जबाबावरही सही माझी. यातली खरी श्वेता कुठली? आणि मी खोटी ठरले की जिवली खोटी ठरते. तिची बोटं तिच्याच अंगावर घालतील.

मला काही सुचत नाही. लिहिता लिहिता उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. तुम्ही मला माफ करावं असं मी म्हणत नाही. माझ्याशी बोलू नका. माझ्या बाकावर बसू नका. पण ती पोच घेऊन या. तुमच्याशिवाय ते पत्र होतं असं सांगणारं जगात कुणी नाही. मी काकूंच्या पाया पडून हे पत्र त्यांच्याकडे देणार आहे. तुम्ही नाही आलात तर मी जिवलीपुढे पुन्हा तोंड घेऊन जाऊ शकणार नाही.

तुमची अपराधी,
श्वेता

---

मुरबाड,
२७ मार्च

दादा,

परवा मी कल्याणला साडेदहाला पोचले तेव्हा तुम्ही आधीच येऊन बसला होता, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. माझ्याकडे तुम्ही बघितलं नाहीत. मी ठरल्याप्रमाणे लांबच्या बाकावर बसले.

पुढचं तुमच्यासमोरच झालं, तरी लिहिते. कारण ते मला लिहून ठेवायचंय.

अधिकाऱ्यांनी तुमच्या पत्राची पोच दोनदा वाचली. वर कारखान्याचा शिक्का होता, साहेबांची सही होती. देसलेसाहेब म्हणाले, "तो बिघाड तेव्हाच दुरुस्त झाला होता." अधिकाऱ्यांनी दुरुस्तीची नोंद मागितली. ती कुणाकडे नव्हती. मग वकील तुमच्याकडे वळला. म्हणाला, "या बाईंनी एकदा खोटा अहवाल लिहिलाय. तुम्हाला मंडळातून काढायला यांनीच हात वर केला होता. यांच्यावर विश्वास ठेवा असं तुम्ही सांगाल का?"

तुम्ही रिकाम्या पिशवीची घडी घातली. मला वाटलं, आता तुम्ही नाही म्हणाल, आणि ते खरंच असेल.

तुम्ही म्हणालात, "विश्वासाचा मी सांगनार नाय. पन काम तिला मी शिकवलंय. न बघता, नुसत्या आवाजावरून यंत्र वळखायला शिकवलंय. ती दोन ठोके ऐकले म्हनते, तर दोनच होते."

दुपारनंतर निरीक्षक मुरबाडला आले आणि चार नंबरला सील लागलं. जिवलीच्या अंगावरचा निष्काळजीपणाचा शेरा काढायचा आदेश झालाय. भरपाईचं प्रकरण वेगळं चालेल, किती वर्षं ते कुणी सांगत नाही. मला नोकरीवरून काढलं. मंडळाचं सभासदत्वही रद्द झालं, तसा ठराव एकमताने झाल्याचं पत्र नव्या सचिवांनी पाठवलंय. अमितला गोदामातून अजून काढलेलं नाही, पण तो रोज जाताना डबा हातात घेऊन थोडा वेळ दारातच थांबतो. गीताबाईला ठेकेदाराने घरी बसवलंय. काल बाजारात दिसली, मला बघून तिने रस्ता बदलला.

काल जिवलीकडे गेले होते. आदेश वाचून दाखवला. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "म्हंजे मी पट्टी लावली नाय, हा आता कागदावर हाय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बरा झाला." थोड्या वेळाने म्हणाली, "पन बाय, भात लावनीला मी आता रोप कशी धरू, ता सांग." या वेळी मी उठून आले नाही. हौशीने चहा केला, तो झाल्यावरही बसून राहिले.

परवा बाहेर आल्यावर तुम्ही जिवलीजवळ थांबलात, तिच्याशी काही बोललात आणि एसटी स्टँडकडे निघालात. तुमची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी पायरीवर उभी होते. हाक मारायचा हक्क मी तीन वर्षांपूर्वी गमावलाय, म्हणून मारली नाही.

तुमच्या हाताखाली शिकलेली, आणि तुमच्याविरुद्ध हात वर केलेली,
श्वेता